दिवाळीच्या सुट्टीत जपान: सात हॉटेलांऐवजी चार मुक्काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत १२ दिवस हाताशी आहेत. सासूबाई शाकाहारी, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, आणि गुडघ्यांनी जरा थकलेल्या. एका सहल कंपनीने टोकियो, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योटो, हिरोशिमा, ओसाका असा सात हॉटेलांचा आराखडा दिला आहे. विचारणाऱ्या ताई म्हणतात, "आम्हाला जपानची संस्कृती आणि निसर्ग अनुभवायचा आहे. हा आराखडा ठीक आहे का? साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, नसताना जाण्यात अर्थ आहे का? आणि आईंच्या जेवणाचं काय करायचं?"

मराठी कुटुंबांच्या जपान सहली आखणं हे माझं काम आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. आराखडा बदला. मोसम उत्तम आहे, साकुराची हळहळ सोडून द्या. आणि सासूबाईंचं जेवण ही सहलीतली अडचण समजू नका. त्या जेवणाला मध्यभागी ठेवूनच सहल आखा. तसं केलंत तर जपानमधल्या सर्वांत सुंदर जागांपैकी एका जागी तुम्ही आपोआप पोचाल.

सात हॉटेलांना माझा विरोध का, ते सांगते. जपानी हॉटेल सकाळी १० किंवा ११ ला खोली रिकामी करायला लावतं आणि नवी खोली बहुधा दुपारी ३ ला मिळते. नोव्हेंबरात क्योटोत सूर्य पाचच्या आसपास मावळतो, टोकियोत त्याहून थोडा आधी. बहुतेक देवळं आणि बागा साडेचार-पाचला बंद होतात. म्हणजे ज्या दिवशी गाव बदललं, त्या दिवशी स्टेशनं आणि बॅगा यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. १२ दिवसांत असे सहा दिवस गेले तर उरलं काय? टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेन सव्वादोन तासांत जाते, म्हणून कागदावर सगळं जवळ दिसतं. पण हॉटेलातून निघून पुढच्या खोलीत टेकेपर्यंतचा वेळ त्या सव्वादोन तासांत धरलेला नसतो, आणि सासूबाई बरोबर असताना तर तो धरायलाच हवा.

मी सुचवते ते असं: ओसाकाजवळच्या कन्साई विमानतळावर उतरा, टोकियोहून परत निघा. सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग या मार्गांनी जाणाऱ्या कंपन्या दोन्हीकडे उडतात आणि एकाच तिकिटात येण्याचं एक गाव आणि जाण्याचं दुसरं असं मिळतं. पहिली रात्र ओसाकात नाम्बा स्टेशनाजवळ, फक्त झोपण्यापुरती. मग कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावी एक रात्र, क्योटो पाच रात्री, डोंगराळ किसो खोऱ्यात एक रात्र आणि शेवटी टोकियो तीन रात्री. नाम्ब्याची रात्र सोडली तर खरे मुक्काम चारच. हिरोशिमा, कानाझावा, ताकायामा या तिन्ही जागा मला प्रिय आहेत, पण त्या पुढच्या वेळेसाठी ठेवा.

मोसमाबद्दल. साकुरा टोकियो-क्योटोत मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला असतो, पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, एक जोराचा पाऊस आला तर तेवढाही नाही. आपल्याकडे तेव्हा शाळांच्या वार्षिक परीक्षा चालू असतात. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते तेव्हा मात्र आपली सुट्टी आणि जपानचा शरद ऋतू छान जुळतात. फक्त एक गोष्ट समजून घ्या: पानांचा लाल रंग डोंगरावरून खाली उतरत येतो. कोयासान ८०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेपल पेटलेले असतात. किसो खोऱ्यात पहिला पंधरवडा चांगला. क्योटो शहरात मात्र खरा रंग नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चढतो. म्हणून क्योटोच्या लाल बागांचे फोटो पाहून दिवाळीत गेलेले लोक हिरमुसतात. तुम्ही रंग डोंगरात पाहा, आणि क्योटोकडून दुसऱ्या गोष्टींची अपेक्षा ठेवा. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटी क्योटोत जी तुडुंब गर्दी होते, ती तुम्हाला लागणार नाही.

आता कोयासान, ज्यासाठी मी एवढा आग्रह धरते आहे.

कुकाई नावाच्या भिक्षूने, ज्याला जपान कोबो दाइशी म्हणून ओळखतं, इ.स. ८१६ मध्ये वाकायामातल्या डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर शिंगोन या बौद्ध पंथाचं हे मठांचं गाव वसवलं. आज तिथे शंभराहून जास्त देवळं आहेत आणि त्यांतली पन्नासएक यात्रेकरूंना मुक्कामाला ठेवून घेतात. अशा मुक्कामाला शुकुबो म्हणतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण, सकाळी सहा-साडेसहाला मंत्रपठण, त्यानंतर नाश्ता. जेवण 'शोजिन र्‍योरी', म्हणजे मठाचं जेवण: मांस नाही, मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही, कारण उग्र वासाच्या भाज्या भिक्षूंना वर्ज्य. तुमच्या सासूबाईंचा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत चालेल, आणि तो मोडायची वेळ इथे येणारच नाही. रस्सा, म्हणजे 'दाशी', समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांचा. तिळाचा दाट, लुसलुशीत 'गोमा-दोफु' आणि गोठवून वाळवलेला 'कोया-दोफु' हे इथले खास पदार्थ. लहान लहान लाखेच्या वाट्यांत, प्रत्येकीत दोन-तीन घास. मुलीचं पोट भरेल का ही शंका मला नेहमी विचारली जाते. भात पुन्हा मागता येतो, काळजी नको. तरी आरक्षण करतानाच "मासळीचा दाशीसुद्धा नको" असं लिहून पाठवा.

गुडघ्यांसाठी आधीच विचारायच्या गोष्टी: खोलीत खुर्ची किंवा पलंग मिळेल का, स्वच्छतागृह खोलीला जोडून आहे का, जेवण जमिनीवर बसून आहे की टेबलावर. काही मठांत या सोयी आहेत, काहींत नाहीत, आणि जुन्या इमारतींत लाकडी पॅसेज नोव्हेंबरात बर्फासारखे गार पडतात. जाड मोजे हवेतच. रात्री तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरू शकतं. माणशी खर्च दोन जेवणांसह साधारण १२,००० ते २०,००० येन. रुपयांत त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त धरा.

पोचायचं कसं? नाम्ब्याहून नानकाई रेल्वेची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून पाच मिनिटांची केबल कार, वर बस. सगळं मिळून दोन तासांच्या आतबाहेर. मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका, त्याबद्दल खाली सांगते.

दुपारी पोचलात की आधी दान्जो गारान पाहा, कुकाईने उभारणी सुरू केलेला देवळांचा मूळ परिसर. तिथला शेंदरी रंगाचा मोठा स्तूपमनोरा, कोम्पोन दाइतो, आत उभ्या केलेल्या मूर्ती आणि रंगवलेले खांब यांनी मिळून एक मंडलच आहे. त्याच्या मधोमध महावैरोचन. शेजारी एक पाइन आहे, ज्याच्या पानांचे झुपके तीन सुयांचे असतात. गळलेली अशी सुई सापडली तर शुभ मानतात, आणि वयस्क जपानी माणसंसुद्धा वाकून ती शोधताना दिसतात. मुलीला तिथे अर्धा तास सोडा.

ओकुनोइन मात्र दोनदा पाहा, एकदा संध्याकाळी आणि एकदा पहाटेच्या प्रार्थनेनंतर. इचिनोहाशी पुलापासून कुकाईच्या समाधीपर्यंत सुमारे दोन किलोमीटरचा दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सीडर आणि दोन लाखांहून अधिक समाधी-स्मारकं. सोळाव्या शतकातला सेनानी ओदा नोबुनागा, त्याचा घात करणारा आकेची मित्सुहिदे आणि नंतर सत्ता मिळवणारा तोयोतोमी हिदेयोशी, तिघांचीही स्मारकं याच एका रानात आहेत. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारकंही आहेत, आणि वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांनी वाळवीसाठी उभारलेलंही एक आहे. मला ते पाहून दर वेळी थांबावंसं वाटतं.

इथे सासूबाईंना एक गोष्ट मुद्दाम दाखवा. बहुतेक जुनी स्मारकं पाच दगडांची, एकावर एक: चौकोन, गोल, उतरतं छप्पर, अर्धगोल आणि वर टोकदार थेंब. खालून वर पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आपली पंचमहाभूतं. दगडांवर कोरलेली अक्षरं सिद्धम् लिपीतली आहेत; ही लिपी ब्राह्मीच्याच वंशातली, आणि तिथले भिक्षू आजही मंत्रबीजं याच लिपीत लिहितात. सकाळी एखाद्या मठात 'गोमा' विधी असेल तर तोही पाहा. समिधा, तेलाची आहुती, ज्वाळेसमोर मंत्र. होमाला बसलेल्या माणसाला तिथे काहीही समजावून सांगावं लागत नाही.

समाधीपाशी जाणाऱ्या शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायला आणि खाण्यापिण्याला मनाई आहे. कुकाई ८३५ मध्ये गेला असं तिथले लोक मानत नाहीत. तो ध्यानात बसला आहे असं मानतात, आणि त्याच्यासाठी रोज दोन वेळा जेवण नेतात. सकाळी सहा वाजता आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटी घेऊन जाताना दिसतात. त्या वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहा, मोबाइल खिशात ठेवा.

महाराष्ट्राशी एक धागा आहे तोही सांगते. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. विद्यापीठ गावातच आहे.

कोयासानहून क्योटोला आलात की गोष्ट पुढे चालू ठेवा. पाच रात्रींत क्योटोची प्रसिद्ध पंधरा देवळं करण्याऐवजी कुकाईचाच माग घ्या. क्योटो स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर तोजी आहे. हे देऊळ ८२३ मध्ये सम्राटाने कुकाईकडे सोपवलं. त्याच्या व्याख्यान-मंडपात २१ मूर्तींचं एक मंडल उभं आहे, अर्धवट उजेडात. त्यातला बोन्तेन हंसांवर बसला आहे आणि ताइशाकुतेन हत्तीवर. आपल्या ब्रह्मदेवाला आणि इंद्राला वाहनासकट इतक्या दूर पाहिलं की सासूबाई आपणहून तुम्हाला समजावून सांगू लागतील. तिथून टॅक्सीने सान्जुसान्गेन्दो: सुमारे १२० मीटर लांबीचा लाकडी मंडप, १२६६ मधली बांधणी, आत हजार आणि एक कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर, आणि त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता. गरुड आहे, वायू आहे. आत फोटो काढता येत नाहीत आणि मला ते योग्यच वाटतं.

या दोन जागांना एक पूर्ण दिवस द्या. त्या दिवशी दुसरं काही नको.

नारासाठी दुसरा दिवस, आणि तो शक्यतो क्योटोच्या मुक्कामात लवकरचा घ्या. कारण नारा राष्ट्रीय संग्रहालयात ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वर्षातून एकदाच शोसोइन भांडाराचं प्रदर्शन भरतं. आठव्या शतकातल्या सम्राट शोमूच्या वस्तू, रेशीम, वाद्यं, काचेची भांडी, औषधं. दर वर्षी वेगळ्या निवडून मांडतात. तारखा आणि वेळेची तिकिटं आधी जाहीर होतात, जाहीर झाली की लगेच घ्या. त्याच भागात तोदाइजी देऊळ आहे. तिथल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ मध्ये रंगवून प्राणप्रतिष्ठा करणारा भिक्षू भारतातून आलेला बोधिसेन होता. ही माहिती मूर्तीसमोर उभं राहून मुलीला सांगा. हरणांना द्यायला बिस्किटं तिथेच मिळतात, घरचं काहीही देऊ नका.

परतीच्या वाटेवर उजी गावी उतरा. तिथल्या ब्योदोइन देवळाचा फिनिक्स मंडप १०५३ चा आहे आणि दहा येनांच्या नाण्यावर तोच आहे. त्याच्या जवळ, नदीकाठी, नगरपालिकेचं ताइहोआन नावाचं चहाघर आहे. चहाविधी अनुभवायचा म्हणून पर्यटकांना किमोनो नेसवून तासभर बसवणारे बरेच कार्यक्रम क्योटोत विकले जातात. माझं मत विचाराल तर त्याऐवजी ताइहोआनमध्ये जा. गोड वडी, एक वाडगा माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा), समोर चहा घुसळणारी बाई आणि खिडकीबाहेर झाडं. गुडघे दुमडता येत नसतील तर खुर्चीवरची व्यवस्था आहे का ते दारात विचारा.

उरलेल्या दिवसांत फुशिमी इनारी सकाळी सहा-सातला. ते देवस्थान चोवीस तास उघडं असतं, आणि नऊनंतर तोरीच्या कमानींखाली फक्त माणसांची डोकी दिसतात. वर डोंगरात जितकं चढाल तितकी शांतता. सासूबाईंना खालच्या मुख्य देवळापाशी बसू द्या, तेही सुंदर आहे. र्‍योआनजीची खडीची बाग उघडल्या उघडल्या गाठा: १५ दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसलात तरी सगळे एकदम दिसत नाहीत. तिथे अर्धा तास बसायची तयारी नसेल तर जाऊच नका, कारण दोन मिनिटांत ती बाग काहीच देत नाही.

पुण्याचे आहात म्हणून एक सुचवते. निघण्याआधी एखाद्या सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, आणि मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. वाट कशी वळते, वळल्यावर पाणी कसं अचानक समोर येतं, पूल कुठे थांबायला लावतो, हे घराजवळ पाहून गेलात की जपानी बागेत नजर आपोआप तसं शोधू लागते.

नोव्हेंबरात शिंतो देवळांत तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं किमोनो घालून आई-आजीबरोबर येतात. 'शिचि-गो-सान' हा सण १५ नोव्हेंबरचा, पण कुटुंबं आधीच्या-नंतरच्या शनिवार-रविवारीही येतात. तिकीट नाही, कार्यक्रम नाही, लोकांचं आपलं घरगुती कार्य. मुलांचे फोटो पालकांना विचारूनच काढा.

क्योटोच्या बसमध्ये तुमच्यासारख्या चौघांनी शिरण्यात फार फायदा नाही. बसचं सरसकट भाडं २३० येन आहे, चौघांचे ९२० होतात. जवळच्या अंतराला टॅक्सी त्याहून थोडीच महाग पडते आणि सासूबाई बसून जातात. टॅक्सीचं मागचं दार चालक स्वतः उघडतो-लावतो, आपण हात लावायचा नाही.

पुढे किसो. एदो, म्हणजे जुनं टोकियो, आणि क्योटो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेन्दो हा रस्ता होता, त्यावर ६९ मुक्कामाची ठाणी. त्यांतली मागोमे आणि त्सुमागो ही दोन अजून जुन्या घरांसह उभी आहेत. त्सुमागोच्या लोकांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी गाव जपायला घेतलं आणि घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, मोडायची नाहीत असं ठरवलं. विजेच्या तारा समोरून दिसत नाहीत, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या येत नाहीत. क्योटोहून नागोया, तिथून शिनानो गाडीने नाकात्सुगावा आणि बसने मागोमे.

मागोमे ते त्सुमागो रानातून आठ किलोमीटर, निवांत चालून तीन तास. मागोमेकडून निघा, त्या बाजूने चढ कमी आहे: खिंड ८०० मीटरच्या आसपास, आणि मग बराच वेळ उतारच. वाटेत अस्वलांना हुसकावायला घंटा टांगलेल्या आहेत, प्रत्येक घंटा वाजवून पुढे जा. मुलगी आणि तुमच्यापैकी एकाने चालावं, दुसऱ्याने सासूबाईंबरोबर बसने त्सुमागोला जाऊन थांबावं. बसच्या फेऱ्या मोजक्याच आहेत, वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा.

इथे रात्र घरगुती पद्धतीच्या पाहुणघरात काढायची. शाकाहारी जेवण देता येईल का, हे आरक्षणाच्या वेळी विचारून लेखी होकार घ्या. होकार नसेल तर ते घर सोडून दुसरं शोधा. जपानी यजमान सहाचं जेवण दुपारपासून रांधायला घेतो. पोचल्यावर सांगितलेला बदल त्याला जमत नाही आणि नाही म्हणतानाही तो फार संकोचतो. गरम पाण्याच्या सामायिक स्नानगृहात बायका आणि पुरुष वेगळे असतात, कपड्यांविना उतरायचं असतं, आणि आधी बाहेर बसून साबणाने पूर्ण धुऊन मगच टाकीत पाय ठेवायचा. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी 'काशिकिरी' म्हणजे कुटुंबापुरतं राखून ठेवता येणारं स्नानगृह आहे का विचारावं. अंगावरचा युकाता, म्हणजे तिथे मिळणारा सुती झगा, डावी बाजू उजवीवर अशी गुंडाळायचा. उलटा फक्त मृतदेहाला घालतात, त्यामुळे याकडे नीट लक्ष द्या.

टोकियोत मला तुम्हाला फार सांगायचं नाही, कारण तिथे मुलीचं ऐका. तिला मिताकाचं जिब्ली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं संग्रहालय पाहायचं असेल तर दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याची तिकिटं सुटतात, जपानच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. नोव्हेंबरसाठी १० ऑक्टोबर. आसाकुसाला सेन्सोजी देऊळ सगळेच पाहतात. तिथून दहा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन आहे, गणपतीचं देऊळ. मूर्ती दाखवत नाहीत, आणि नैवेद्य मुळ्याचा असतो. दारातच मुळे विकत मिळतात.

फुजी पाहायचा दिवस आधी ठरवू नका. टोकियोतल्या तीन दिवसांपैकी ज्या दिवशी सकाळ स्वच्छ असेल त्या दिवशी शिंजुकूहून कावागुचिको सरोवराला जा, गाडी थेट जाते आणि दोन तासांच्या आत पोचवते. जागा राखीव लागते, मिळाली नाही तर बस आहे. नोव्हेंबरात हवा कोरडी असते आणि ३,७७६ मीटरच्या माथ्यावर बर्फ पडू लागलेला असतो, त्यामुळे शक्यता चांगली. दुपारनंतर ढग येतात, म्हणून लवकर निघा.

मठाबाहेरचं जेवण हा खरा कसोटीचा भाग आहे. जपानात भाजीच्या पदार्थातही बहुधा 'कात्सुओबुशी', वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस, रश्शात उतरवलेला असतो: मिसो सूप, उदोन नूडल्स, सोबा नूडल्सची बुडवण, शिजवलेला भोपळासुद्धा. मांस दिसलं नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं धरू नका. जपानी लिपीत छापलेली एक चिठ्ठी जवळ ठेवा: मांस, मासे, माशांचा दाशी, कांदा, लसूण चालत नाही, शेवाळ, अळंबी, टोफू, दूध चालतं. शेवटची ओळ फार महत्त्वाची, कारण स्वयंपाक्याला नुसते नकार दिले की तो हात जोडतो, आणि काय चालतं ते कळलं की कामाला लागतो. क्योटोत टोफू आणि युबा, म्हणजे सोयाच्या दुधाची साय, यांची उत्तम घरं आहेत. तिथेही दाशीचं विचारायचंच. टोकियोच्या एदोगावा भागातलं निशि-कासाइ हे भारतीय वस्तीचं ठिकाण, तिथे वरण-भाताची सोय होते. घरून भाकरवडी, मेतकूट, कोरड्या चटण्या, झटपट पोहे न्या. ताजी फळं, भाज्या, कढीलिंब नेऊ नका, विमानतळावर अडतात.

बॅगांसाठी 'ताक्क्युबिन' वापरा. हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की साधारण दुसऱ्या दिवशी ती पुढच्या हॉटेलात पोचते. नाम्ब्याहून मोठ्या बॅगा सरळ क्योटोला, क्योटोहून सरळ टोकियोला पाठवा. कोयासान आणि किसोला पाठीवरची पिशवी पुरते. बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते, तीही कटकट वाचते. जे आर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, घेऊ नका. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येनांवर गेला, आणि तुमच्या मार्गाची सुटी तिकिटं माणशी त्याहून बऱ्याच कमीत होतात. शहरात फिरायला इकोका किंवा सुइका कार्ड, आणि मठासाठी, लहान पाहुणघरासाठी थोडी रोकड.

सासूबाईंच्या गोळ्यांकडे आजच पाहा. एक महिन्यापेक्षा जास्त पुरवठा न्यायचा असेल तर जपानच्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांवर तिथे कडक बंधनं आहेत, त्या घरीच ठेवा. बाकी औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

व्हिसासाठी घाई नको आणि उशीरही नको. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस केंद्रातून जातो. मिळालेला व्हिसा देण्याच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, म्हणून सप्टेंबरमध्ये अर्ज करा. विमानतळावर तो मोबाइलवर इंटरनेट चालू ठेवून दाखवायचा असतो, स्क्रीनशॉट धरत नाहीत. कोयासान आणि किसोच्या खोल्या मात्र सप्टेंबरपर्यंत थांबणार नाहीत. मठांत खोल्या थोड्या असतात आणि पानांच्या मोसमात आधी त्याच संपतात. तारखा ठरल्या की या दोन रात्री पहिल्या नक्की करा, त्यांच्याभोवती विमानाचं तिकीट बसवा, आणि क्योटो-टोकियोची हॉटेलं सगळ्यात शेवटी.